मदत हवी आहे: लाईट गेल्यावर आईचा ऑक्सिजन कसा चालू ठेवायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही दापोली तालुक्यातले. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की लाईट गेलीच, आणि जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर इकडे कित्येक आठवडे अंधार होता. आता आईला घरी ५ लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) लागलंय, त्यामुळे जीव टांगणीला लागतो.

मशीन साधारण ३५० वॅट खातं. १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर त्यावर जेमतेम चार तास निघेल. पुढच्या वेळेसाठी ऑक्सिजनचा बी टाईप (ठरावीक मापाचा) सिलिंडर आणायचाय. मिनिटाला २ लिटरने तो बारा तास पुरतो. पण तो उभा बांधून ठेवायचा कसा, आणि देवघरातल्या समईपासून किती लांब?

जनरेटरबद्दल शेजारचे काका म्हणतात, वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लाव, अख्खं घर चालेल. मला हे मुळीच पटत नाही. मेन स्विच चालू राहिला तर वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते, तिथे ११,००० व्होल्ट होते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. म्हणून चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी मेन लाईन किंवा जनरेटर, एकालाच जोडणारा) बसवायचं नक्की केलंय. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे जनरेटर पडवीतही नको, लांब उघड्यावरच. मग पावसात त्यावर आडोसा कसला करता?

घरी असं मशीन चालवणाऱ्यांनी कृपया सांगा: इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हच (मेन लाईनसारखी सुरळीत वीज देणारा) लागतो का? लाईट परत येताना व्होल्टेज उसळतं, त्यासाठी कोणता स्टॅबिलायझर घेतलात?