पैसे थेट देता येतात, मग पळायचं कशाला?

मॅरेथॉन धावून देणगी गोळा करण्याबद्दल एकाने विचारलंय, "आईच्या नावाने देणगी द्यायची तर चेक फाडा, ४२ किलोमीटर धावायची काय गरज?" मीही आधी हेच म्हणायचो.

मावशी कॅन्सरने गेली, त्यानंतरच्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला नाव घातलं आणि ओळखीच्यांना तिच्या नावाने एका संस्थेला देणगी द्या म्हणून मेसेज टाकले. पैसे येत होतेच, पण सोबत मावशीही येत होती! डोंबिवलीच्या तिच्या जुन्या शेजारणीने १०१ रुपये पाठवले, वर विचारलं, "तिची ती पिवळी छत्री आहे का रे अजून?" चेक फाडला असता तर छत्री कोणाला आठवली असती?

बाकी धावण्याचं म्हणाल तर सी लिंकवर मजा आली. परतीच्या पेडर रोडच्या चढाने मात्र जीव काढला. तिथे पळालो नाही, सरळ चाललो. छातीवरच्या नंबराला चार पिना असतात. त्यातल्या एकीत मावशीच्या साडीची चिंधी अडकवली होती. घामाने तिचा रंग टीशर्टवर उतरला, तो अजून गेला नाही.

एक व्यवहाराचं. संस्थेला ८०जी, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारी आयकराची मान्यता, आहे ना ते आधी बघा, आणि देणाऱ्यांना सांगून ठेवा की ही करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, शिवाय २००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तीही नाही. माझ्या एका काकांनी पाच हजार रोख आणून हातात ठेवले होते. मार्चमध्ये मग माझीच उलटतपासणी.

पूर्ण मॅरेथॉन झेपत नसेल तर तिथलीच छोटी ड्रीम रन आहेच, सहाएक किलोमीटरची.