मदत हवी आहे: रेडशर्टवाल्या मुलाने पाचवा सामना खेळावा का? (ऑक्टोबर 2024)

किकरची_आई: तातडीने सांगा. मुलगा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये किकर, म्हणजे किक मारून गुण मिळवणारा. रेडशर्ट ठेवायचं ठरलं होतं, म्हणजे यंदा मुख्यतः सरावच करायचा आणि खेळायचा हंगाम पुढच्यासाठी वाचवायचा. चार सामन्यांत उतरलाय, चौथ्यात तर शेवटच्या मिनिटाला एकच एक्स्ट्रा पॉइंट (टचडाउननंतरची एका गुणाची किक) मारला. आता पहिला किकर जायबंदी झालाय, कोच म्हणतात शनिवारी तू. एक किकही मोजतात का?

रानवारा: आम्ही भाचीला रेडशर्ट केलं, किंडरगार्टनला वर्षभर उशिरा घातलं. फायदाच झाला, बिनधास्त करा.

किकरची_आई: अहो, तो एकोणीस वर्षांचा आहे!

टेक्सासकर: डिव्हिजन कुठली, म्हणजे कॉलेज खेळांची कुठली पातळी? त्याशिवाय काय सांगणार?

किकरची_आई: वन.

टेक्सासकर: मग कॉलेजच्या पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. 2018 पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही हंगाम वाचतो. पण एका स्नॅपला, म्हणजे एका चालीपुरता, उतरला तरी तो सामना धरतात. पाचव्यात मैदानात गेला की हंगाम खर्ची. सराव कितीही करू दे.

जुनाजाणता: चूक. एका सामन्यात उतरलं की वर्ष गेलं. माझ्या रूममेटचं 2009 ला तसंच गेलं.

टेक्सासकर: 2009 ला बरोबरच होतं. नियम नंतर बदलला.

डॉ_सावली: मेडिकल हार्डशिपचा, म्हणजे दुखापतीने वाया गेलेला हंगाम परत मिळवायचा, अर्ज करा ना.

टेक्सासकर: त्याला मुलगा स्वतः जखमी हवा, तेही हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात, आणि खेळलेले सामने हंगामातल्या 30 टक्क्यांच्या आत. इथे दुखापत दुसऱ्याला झालीय.

लाल_डबा: रेडशर्ट हे नाव कुठून आलं माहितीये? 1937 ला नेब्रास्का विद्यापीठाचा खेळाडू वॉरन आल्फसन वर्षभर नुसता सराव करायचा, नंबर नसलेला लाल शर्ट घालून.

टेक्सासकर: ते राहू दे. ताई, कॉलेजचं पहिलंच वर्ष ना?

किकरची_आई: या कॉलेजातलं पहिलंच.

टेक्सासकर: "या" म्हणजे?

किकरची_आई: मागच्या ऑगस्टपासून वर्षभर कम्युनिटी कॉलेजला होता. तिथे फुटबॉल नव्हताच, म्हणून लिहिलं नाही.

टेक्सासकर: फुल-टाइम?

किकरची_आई: हो, बारा क्रेडिट.

टेक्सासकर: मग पाच वर्षांचं घड्याळ तिथेच सुरू झालं, खेळो न खेळो. पाचातलं एक वर्ष गेलं, उरले हा धरून चारच हंगाम. हा राखलात तरी पुढे तीनच खेळता येतील. वाचवून हाती काय लागणार? खेळू दे त्याला.

जुनाजाणता: आणि पुढे दुखापत झाली तर?

टेक्सासकर: त्याचा अर्ज तेव्हा. ताई, कोचच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका, कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम पाहणाऱ्या कचेरीला) आजच ईमेल करा. पहिल्या नावनोंदणीची तारीख त्यात घाला.

किकरची_आई: ती ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) असेल ना? शोधते.