बंद फ्लॅट, एसी आणि पहाटेची कोंदट हवा

पर्वरीकर: यूपीव्हीसी खिडक्या, रबर गॅस्केट, सगळं घट्ट. दोघं एसी लावून झोपतो. पहाटे मीटरवर कार्बन डायऑक्साइड २२०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २२०० भाग). खिडकी उघडली की पावसाळ्यात कपाटाला बुरशी. काय करावं?

झरोका: स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत घेत नाही. बाहेर साधारण ४२० पीपीएम असतं. खिडकीच्या वरच्या चौकटीत जाळीचा ट्रिकल व्हेंट (बाहेरची हवा थोडी थोडी आत सोडणारी फट) बसवा, बाथरूमचा एक्झॉस्ट मंद गतीवर रात्रभर चालू ठेवा. बाथरूमच्या दाराखाली १०-१२ मिमी फट हवीच, नाहीतर पंखा नुसता घुमतो.

ओलभिंत: व्हेंट नैर्ऋत्येला नको, पावसाचा मारा तिकडूनच. आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा: एसी ‘ड्राय’वर, नाहीतर डिह्युमिडिफायर. एसी १८ वर ठेवून भिंती गार केल्या तर बुरशी हमखास. कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५ सेंमी पुढे ओढा.

झरोका: हो, आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर एक्झॉस्टचं आधी थांबवा! घट्ट घरात पंखा गिझरचा धूर उलटा आत ओढतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिझर उघड्या बाल्कनीत हलवा.

पर्वरीकर: गॅसचाच आहे. आधी प्लंबर, मग व्हेंट.