तुकडा कुठला, हेही विचारा

सांध्याच्या अस्तराचा तुकडा तपासून दाहाचा जो स्कोअर देतात, तो ५ किंवा जास्त आला म्हणजे आमवातच (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस), असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. हा स्कोअर पॅथॉलॉजिस्ट क्रेन (Krenn) यांच्या पद्धतीचा. त्यात मोजायच्या गोष्टी तीनच: सांध्याच्या अस्तरातले पेशींचे थर, त्याखालच्या ऊतीतली पेशींची दाटी आणि दाहपेशींची गर्दी. प्रत्येकी ० ते ३, बेरीज जास्तीत जास्त ९. २ ते ४ म्हणजे सौम्य दाह, बहुधा झिजेचा सांधा. ५ पासून पुढे तीव्र. पण तीव्र म्हणजे आमवात की सोरायसिसचा सांधा, हे ती बेरीज सांगत नाही.

आणि तुकडा कुठून घेतला, हे कुणी विचारलंच नाही. एकाच गुडघ्याचे चार तुकडे मायक्रोस्कोपखाली पाहिलेत मी. एकात लिम्फोसाइट्सचे (दाहातल्या पांढऱ्या पेशींचे) गोळेच्या गोळे, अस्तर पाच-सहा थरांचं. शेजारच्यात नुसती चरबी आणि एका थराचं निवांत अस्तर. सरासरी काढली तर पेटलेला सांधा ‘सौम्य’ ठरतो. मी सगळ्यात पेटलेल्या भागाचा स्कोअर देते आणि तुकडे किती होते तेही लिहिते. अस्तरच खरवडून गेलं असेल तर सरळ ‘नमुना अपुरा’. रागावतात सर्जन, रागावू देत.