मदत हवी आहे: बायबल वाचन गटात आवेश आणि नम्रता यांचा मेळ कसा घालायचा?

आमच्या बायबल वाचन गटात उत्साह भरपूर आहे, पण चर्चा सुरू झाली की वचनं एकमेकांवर फेकली जातात. परवा लूक 18 मधला परूशी (आपल्या धार्मिकतेचा गर्व असलेला) आणि जकातदाराचा (स्वतःला पापी मानणाऱ्या करवसुली करणाऱ्याचा) दाखला वाचला, आणि लगेच ‘आपल्यातला परूशी कोण’ यावरच जुंपली! शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान, असं सांगणारे, बायबलचं लॅटिन भाषांतर करणारे संत जेरोमही तापटच होते, त्यामुळे आवेश नकोच असं मी म्हणत नाही.

लेक्सिओ दिविना या प्रार्थनापूर्वक बायबल वाचण्याच्या जुन्या पद्धतीप्रमाणे वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान असा क्रम लावायचा विचार आहे. पण मननापाशीच लोक बोलायला लागतात. गट चालवणाऱ्यांनी सांगा: उतारा केवढा घेता? शांतता किती वेळ ठेवता? आणि जाणकार मंडळींना न दुखावता थोपवायचं कसं? फादरांना इतक्यात मध्ये घालायचं नाहीये.