मदत हवी आहे: डिस्पर्संट 'एक टक्का', पण कशाचा?

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीत आमचा वॉशबेसिन ओतायचा छोटा कारखाना आहे. पॉलिएस्टर रेझिन आणि एटीएच पावडर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ट्रायहायड्रेट. 100 किलोच्या घाण्यात आजवर 55 किलो पावडर घालायचो. रेझिन महागलं म्हणून 65 वर गेलो, तर घाणा पुरणासारखा घट्ट. मिक्सरची मोटर तापायला लागली, व्हॅक्यूम लावूनही बुडबुडे निघेनात. रेझिन पातळ करणारं स्टायरीन वाढवून पाहिलं. माल ओतता आला, पण सेट होताना आकसून कडांना तडे गेले.

मग पुरवठादाराने फॉस्फेट एस्टरवालं डिस्पर्संट, म्हणजे पावडर सुटी ठेवून घाणा पातळ करणारं रसायन, दिलं. "एक टक्का टाका" म्हणाला. पोरांनी अख्ख्या घाण्याचा एक टक्का धरून किलोभर ओतलं. घाणा बासुंदीसारखा वाहू लागला, आम्ही खूश! पण जेल टाइम (रेझिन आळायला लागणारा वेळ) 18 मिनिटांवरून 40 वर गेला आणि तेवढ्यात पावडर खाली बसली. एक बेसिन कापून पाहिलं: साच्याकडची बाजू पांढरीशुभ्र, पाठीकडे चार मिलिमीटरचा पिवळसर, काचेसारखा नुसत्या रेझिनचा थर. त्याच बाजूला बेसिन वाकलंय. अशी अकरा बेसिनं पडून आहेत, जीव तुटतो बघून.

टक्का रेझिनचा धरला तर 350 ग्रॅम, पावडरचा धरला तर 650. नक्की कुठला? रेझिन सेट करणारं कॅटॅलिस्ट वाढवायचं धाडस होत नाही, जाड भाग तापून तडकेल. सोमवारी पुन्हा घाणा लावायचाय, कृपया सांगा.

प्रतिसाद:
दादा, हिशेब पावडरवर धरायचा. डिस्पर्संट कणांवर बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून पावडर जितकी बारीक तितकं ते जास्त लागतं. कण झाकून उरलेलं मोकळं राहतं, आणि आम्लधर्मी असल्याने कोबाल्टला (सेट होण्याचा वेग वाढवणाऱ्या घटकाला) मंद करतं. जेल त्यानेच लांबला असणार. कॅटॅलिस्टला हात लावू नका.

अर्ध्या किलोचे चार डबे करा: पावडरच्या 0.3, 0.6, 0.9, 1.2 टक्के. आधी डिस्पर्संट रेझिनमध्ये मिसळा, पावडर नंतर, थोडी थोडी. प्रत्येकातला चमचाभर काचेवर ओतून मिनिटभरात किती पसरतो ते पट्टीने मोजा. जिथे पसरणं वाढायचं थांबेल त्याच्या पुढे जाऊ नका. घाणा पातळ झाला की भरड कण आधी बसतात, तेव्हा थोडी बारीक पावडर मिसळून बघा. तुमची किती मायक्रॉनची आहे?

धागाकर्ता:
गोणीवर 40 लिहिलंय, सगळी एकाच जाडीची. बारीक पावडर उद्या मागवतो. चार डबे आज रात्रीच लावतो, आकडे इथेच टाकेन. मनापासून आभार.