सोयाबीनचा भाव अन् अर्थतज्ज्ञांच्या मुलाखती: आपल्या कामाच्या आहेत का?

धागाकर्ता, औसा (लातूर):
अर्थशास्त्राच्या जाणकारांच्या मुलाखती मोबाईलवर भरपूर येतात. मी त्या नेमानं ऐकतो आणि मराठवाड्यात घरोघरी ऐकल्या जाव्यात असं माझं ठाम मत आहे. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं. गावात सगळे म्हणायले, आता सोयाबीन चढणार. हमीभाव 4892 रुपये होता, अन् लातूरच्या आडतीत माल त्याच्या बराच खाली गेला. का, ते एका मुलाखतीतून उमगलं. सोयाबीनमध्ये तेल निघतं 18 टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. तेल महागलं तरी पेंड पडली की भाव उठत नाही. बाहेरच्या बाजारात पेंड स्वस्त होती, त्यात मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात आला. म्हणजे शेतकरी म्हणून पदरात काही नाही, आणि दिवाळीच्या तेलाला मात्र जास्तीचे पैसे आपणच मोजले. हे कुणीतरी समजावून सांगायलाच हवं ना?

परभणीकर:
समजलं, पुढं काय? कृषी केंद्राची उधारी दिवाळीच्या आत द्यायची, हरभऱ्याचं बी आणायचं, पोरांची फी भरायची. तज्ज्ञ म्हणतो थांबा. कशाच्या जिवावर थांबायचं? हमीभाव केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेला माल तिथं कोण घेणार? नोव्हेंबरात ती अट 15 टक्क्यांवर आणली, तोवर आमच्याकडचा बराच माल व्यापाऱ्याच्या गोदामात होता. मुलाखतीत ह्यावर अवाक्षर नसतं.

धागाकर्ता:
थांबण्यासाठीच शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, व्याज 6 टक्के. किती जण जातात?

आडत दुकानातला, लातूर:
आठ-दहा क्विंटलवाला जात नाही, दादा. टेम्पोचं भाडं, हमाली, वाळवणी, अन् वरून सहा महिन्यांनी भाव चढेलच ह्याची हमी कोण देणार? डिसेंबर 2021 मध्ये सेबीनं, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आज ठरणारे सौदे, बंद केले. पुढच्या भावाचा अंदाज घ्यायला वायदा हा एक आधार होता, तोही गेला. तज्ज्ञांना बोलवायचंच तर ह्यावर बोलवा.

बीडहून एक ताई:
तुमची सगळी चर्चा माल असणाऱ्यांची चालली आहे. आमच्याकडं दसरा-दिवाळीनंतर वाड्या-तांडे रिकामे होतात. ऊसतोडीला जाताना एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, दोघांच्या कामावर, पैसे बहुतेक नवऱ्याच्या हातात. बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. आजारपणात खाडा पडला तर मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, त्याचे पैसे उचलीच्या हिशोबात कापून घेतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. त्यातलं बाईच्या हातात किती आलं, हे कुठल्या मुलाखतीत विचारलं?

परभणीकर:
ताईंचा मुद्दा शंभर टक्के खरा. म्हणून म्हणतो, तज्ज्ञाच्या आधी मुकादमाला बसवा. उचलीचा हिशोब त्याच्या वहीत असतो.

धागाकर्ता:
मुकादमाला जरूर बसवू. पण तोडणीचा दर साखर संघ आणि मजूर संघटना कशाच्या आधारावर ठरवतात, हे त्याच्या वहीत नसतं. तिथं अर्थशास्त्राचा माणूस लागतोच. आणि पहिला प्रश्न ताईंनी विचारावा.